वर्डमधल्या मराठी मजकुराचं फॉरमॅटिंग कोडने शोधणं आणि बदलणं

बोल्ड मजकूर शोधणारा मॅक्रो (वर्डच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) चालवला, उत्तर आलं ‘काहीच सापडलं नाही’, आणि समोरच्या पानावर तर डझनभर बोल्ड शब्द दिसतायत. मराठी फाइलवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा अनुभव येतो. मॅक्रो चुकलेला नसतो. तो इंग्रजी अक्षरांचा कप्पा उघडून बघत असतो आणि मराठी अक्षरांचं फॉरमॅटिंग दुसऱ्याच कप्प्यात ठेवलेलं असतं.

ठाणे कोर्टाच्या आसपासची टायपिंगची दुकानं, बेलापूरच्या वकिलांची आणि सल्लागारांची कार्यालयं, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या कमिट्या, सगळीकडे अशा फाइली फिरत असतात. ८० पानांचे उपविधी, सिडकोच्या भाडेपट्ट्याची कागदपत्रं, वार्षिक सभेची इतिवृत्तं. चार हातांनी टाइप झालेली, दोन संगणकांवरून फिरून आलेली. हाताने एकेक शब्द सुधारायला घेतला तर दिवस जातो आणि तरी काही जागा सुटतातच. कोडने ते काम काही मिनिटांत होतं, पण आधी कप्पे समजले पाहिजेत.

एक खुलासा. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची. वर्डच्या एडिटरमध्ये डॉट टाकला की पुढच्या नावांची यादी आपोआप उघडते, त्यामुळे स्पेलिंग शोधत बसावं लागत नाही.

दोन कप्पे

वर्ड प्रत्येक मजकुरासाठी फॉरमॅटिंगचे दोन संच ठेवतो. एक रोमन लिपीसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी. अरबी आणि हिब्रूबरोबर देवनागरीही या दुसऱ्या संचात मोडते. वर्डच्या मॅक्रोभाषेत, म्हणजे व्हीबीएत, फॉन्ट.बोल्ड हा रोमनचा गुणधर्म. देवनागरीचा फॉन्ट.बोल्डबीआय, म्हणजे बोल्डच्या शेवटी बी आणि आय ही दोन अक्षरं जोडलेला. त्याच धर्तीवर इटॅलिकबीआय, साइजबीआय आणि नेमबीआय. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर हे गुणधर्म ‘उजवीकडून डावीकडे’ लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी आहेत असं लिहिलेलं दिसतं, त्यामुळे मराठी माणूस तिकडे वळतच नाही. आपल्यासाठी नेमके तेच कामाचे आहेत.

वर्डमध्ये शब्द निवडून कंट्रोल-बी दाबलं तर सहसा दोन्ही कप्पे एकदम भरले जातात, म्हणून हाताने काम करताना हा फरक कळत नाही. कोडने फक्त फॉन्ट.बोल्ड दिलं, किंवा फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून तयार होऊन आली, की कप्पे वेगळे पडतात. ‘कलम 12’ या दोन शब्दांत ते स्पष्ट दिसतं. ‘कलम’ दुसऱ्या कप्प्यातून आकार घेतं, इंग्रजी आकडा पहिल्यातून. म्हणून कित्येक फाइलींत अक्षरं १४ पॉइंटची आणि आकडे ११ चे दिसतात. आकडा वेगळा टाइप केलेला नसतो, त्याचा कप्पा कोणी भरलेला नसतो.

तपासायचे दोन मार्ग आहेत. शब्दावर कर्सर ठेवून शिफ्ट-एफ१ दाबा. उजवीकडे उघडणाऱ्या पट्टीत दोन्ही लिपींचा फॉन्ट आणि साइज वेगवेगळे दिसतात. दुसरा मार्ग आम्हाला जास्त खात्रीचा वाटतो. ऑल्ट-एफ११ ने एडिटर उघडा, कंट्रोल-जी ने खालची इमीजिएट खिडकी उघडा आणि प्रश्नचिन्ह टाकून सिलेक्शन.फॉन्ट.बोल्ड विचारा, मग तसंच बोल्डबीआय विचारा. -१ म्हणजे हो, ० म्हणजे नाही. ९९९९९९९ आलं तर निवडलेल्या भागात काही बोल्ड आहे, काही नाही. हा आकडा लक्षात ठेवा. ‘बोल्ड आहे का?’ एवढंच विचारणारा कोड मिश्र परिच्छेदात चुकीच्या फांदीत जातो तो याच्याचमुळे, कारण शून्य सोडून कुठलंही उत्तर ‘हो’ धरलं जातं.

फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भागच दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन मराठी ही एडिटिंगची भाषा म्हणून जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

शोध-बदलाचा मॅक्रो

आधी फाइलची प्रत काढा. रिव्ह्यूमधलं ट्रॅक चेंजेस बंद करा, नाहीतर प्रत्येक बदलाची फॉरमॅटिंग-नोंद होऊन समास भरून जातो. शिवाय ट्रॅक चालू असताना खोडलेला पण पानावर दिसत असलेला मजकूरही शोधात सापडतो.

एडिटरमध्ये इन्सर्ट, मॉड्यूल असं करून नवा मॅक्रो सुरू करा. रेंज (म्हणजे मजकुराचा पट्टा) प्रकारचा एक चल, म्हणजे व्हेरिएबल, घ्या आणि त्यात ॲक्टिव्हडॉक्युमेंट.कंटेंट ठेवा. सिलेक्शनऐवजी रेंजवर काम केल्याने कर्सर हलत नाही, पान उड्या मारत नाही आणि वेगही वाढतो. त्या रेंजच्या फाइंडवर पुढच्या गोष्टी याच क्रमाने लावा:

१. फाइंड.क्लिअरफॉरमॅटिंग आणि फाइंड.रिप्लेसमेंट.क्लिअरफॉरमॅटिंग, दोन्ही.
२. टेक्स्ट रिकामा, फॉरमॅट ट्रू, फॉरवर्ड ट्रू, रॅप ०.
३. फाइंड.फॉन्ट.बोल्डबीआय ट्रू.
४. रिप्लेसमेंट.टेक्स्ट मध्ये ^& आणि त्याखाली हवं ते नवं फॉरमॅटिंग.
५. एक्झिक्यूट, रिप्लेस २ (म्हणजे सगळीकडे बदल) देऊन.

पहिली पायरी कधीच गाळू नका. कंट्रोल-एचच्या खिडकीत मागे कोणी तिरपा फॉन्ट शोधला असेल तर ती अट तशीच मागे राहते आणि तुमचा मॅक्रो ‘बोल्ड आणि तिरपा’ शोधायला लागतो. रॅप ० म्हणजे शेवटाला पोचल्यावर थांब. ^& म्हणजे ‘जे सापडलं तेच परत लिही’. ही खूण न घालता रिप्लेसमेंट रिकामी ठेवली आणि नवं फॉरमॅटिंग द्यायलाही विसरलात, तर सापडलेला मजकूर सरळ पुसला जातो.

बोल्ड आणि बोल्डबीआय दोन्ही एकाच शोधात ट्रू ठेवू नका. तसं केलं तर दोन्ही अटी पूर्ण करणारा मजकूरच सापडेल. हवं असतं ‘यापैकी काहीही’, म्हणून शोध दोनदा चालवायचा, एकदा एका कप्प्यासाठी, एकदा दुसऱ्यासाठी. बदल करताना मात्र दोन्ही कप्पे भरायचे. साइज १२ हवा तर साइज आणि साइजबीआय दोन्हींना १२ द्या.

खरा बदल करायच्या आधी फक्त पिवळं करून बघा, ही सवय फार उपयोगी आहे. ऑप्शन्स.डिफॉल्टहायलाइटकलरइंडेक्स ७ ठेवा, रिप्लेसमेंट.हायलाइट ट्रू करा आणि चालवा. पानं चाळली की मॅक्रो काय पकडतोय आणि काय सोडतोय ते लगेच दिसतं. खात्री पटल्यावर पिवळा रंग काढा आणि मग खरा बदल करा.

ॲक्टिव्हडॉक्युमेंट.कंटेंट म्हणजे फक्त मुख्य मजकूर. हेडर, फूटर, तळटिपा आणि टेक्स्ट बॉक्स त्यात येत नाहीत. अशा प्रत्येक वेगळ्या भागाला वर्ड ‘स्टोरी’ म्हणतो. त्यासाठी ॲक्टिव्हडॉक्युमेंट.स्टोरीरेंजेसवर फेरी मारायची, आणि प्रत्येक स्टोरीत नेक्स्टस्टोरीरेंज रिकामा होईपर्यंत पुढे जायचं. पहिल्या सेक्शनचं हेडर बदललं आणि तिसऱ्याचं तसंच राहिलं, तर हा दुसरा टप्पा राहून गेलाय.

सापडलेल्या प्रत्येक तुकड्याबद्दल वेगळा निर्णय घ्यायचा असेल, समजा फक्त १६ पॉइंटपेक्षा मोठा बोल्ड मजकूर हेडिंग करायचा आहे, तर सरसकट रिप्लेस चालत नाही. एक्झिक्यूट ट्रू देत राहील तोवर फेरी चालवा. प्रत्येक वेळी रेंज सापडलेल्या तुकड्याएवढी होते. तिच्यावर काम करून रेंज.कोलॅप्स ० दिलं की पुढचा शोध तिच्या शेवटापासून सुरू होतो. टेबलच्या चौकटीत मात्र इथेच घात होतो. चौकटीच्या टोकाला पोचलेला शोध तोच तुकडा पुन्हापुन्हा पकडतो आणि वर्ड अडकून बसतो. म्हणून मागच्या वेळची सुरुवातीची जागा एका चलात ठेवा आणि नवी जागा तिच्या पुढे गेलेली नसेल तर फेरी तिथेच तोडा. इतिवृत्तांतला हजेरीचा तक्ता हमखास इथेच अडकवतो.

अक्षर-अक्षर फिरणारा कोड, म्हणजे कॅरेक्टर्सवर फेरी, मोठ्या फाइलीवर वापरू नका. तो बरोबर चालतो, पण ८० पानांवर इतका हळू चालतो की वर्ड बंद पडलाय असं वाटतं.

मराठी शब्द कोडमध्ये कसा द्यायचा

व्हीबीएचा एडिटर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, दाखवू शकत नाही. त्यात ‘ठाणे’ पेस्ट केलं की चार प्रश्नचिन्हं उरतात. मग शब्द अक्षरांच्या क्रमांकांवरून बांधावा लागतो. सीएचआरडब्ल्यू या फंक्शनला २३३६ (ठ), २३६६ (काना), २३३९ (ण), २३७५ (मात्रा) असे आकडे देऊन ते जोडायचे. दोन-तीन शब्दांसाठी हे ठीक आहे. यादी मोठी असेल तर वेगळ्या वर्ड फाइलीत दोन रकान्यांचं टेबल करा. डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा, जसं ‘न्यू बॉम्बे’ आणि ‘नवी मुंबई’. मॅक्रोने शब्द तिथून वाचायचे. चौकटीचा मजकूर वाचताना शेवटी दोन अदृश्य खुणा येतात, त्या कापल्या नाहीत तर एकही शब्द सापडत नाही.

त्यापुढची अडचण भाषेची आहे. ‘ठाणे’ शोधलं तर ‘ठाण्यात’, ‘ठाण्याला’, ‘ठाण्याहून’ हाती लागत नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दाचा शेवटच बदलतो. म्हणून ‘ठाण्य’ हा तुकडाही शोधायला लागतो, आणि मग ‘पोलीस ठाण्यात’ही सापडतं. ‘वाशी’ शोधलं तर ‘वाशीम’ येतं, आणि सोसायटीच्या कागदपत्रांत तर ‘रहिवाशी’ पानोपानी येतं. ‘रहिवाशी’सारखे शब्द गाळायला सापडलेल्या तुकड्याच्या आधीचं अक्षर एएससीडब्ल्यू फंक्शनने तपासा. त्याचा क्रमांक २३०४ ते २४३१ मध्ये असेल तर आपण एखाद्या मोठ्या शब्दाच्या मध्येच आहोत, तो सोडून द्यायचा. याला अपवाद दंडांचा (। आणि ॥) आणि मराठी आकड्यांचा. २४०४ ते २४१५ हे क्रमांक त्यांचे, त्यामुळे तिथे नवा शब्द सुरू होऊ शकतो.

आणि दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ (२३५३), हलन्त (२३८१), य, काना. दुसऱ्यात साधा र (२३५२), हलन्त, मग न दिसणारा जोडक (८२०५), य, काना. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही एकसारखे, शोधाला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲडव्होकेट’चंही तसंच आहे. नव्या कीबोर्डवरचा ॲ हा एकच क्रमांक आहे, २४१८. जुन्या फाइलींत तोच अ (२३०९) आणि चंद्र (२३७३) असा जोडून टाइप केलेला असतो. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया, हे फरक मिटवत नाही. यादीत दोन्ही रूपं घाला, किंवा आधी सगळी फाइल एका रूपावर आणा आणि मग फॉरमॅटिंगला हात लावा. दुसरा मार्ग बरा.

स्टाइल की थेट फॉरमॅटिंग

शब्द निवडून बोल्ड करणं हे थेट फॉरमॅटिंग. ते शंभर ठिकाणी केलं तर शंभर ठिकाणी बदलावं लागतं. म्हणून बोल्ड मजकूर सापडला की त्याला बोल्ड न देता एक कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे शब्दांना लावायचा नाव दिलेला फॉरमॅटिंगचा संच, द्या, समजा ‘कलम-शीर्ष’ नावाची, आणि थेट बोल्ड फॉन्ट.रीसेटने काढून टाका. कमिटीला उद्या बोल्डऐवजी अधोरेखित हवं असेल तर एका स्टाइलमध्ये बदल केला की काम झालं. स्टाइल तयार करतानाही दोन्ही कप्पे भरा.

दोन गोष्टी इथे चकवतात. बोल्ड हेडिंगच्या आत बोल्ड कॅरेक्टर स्टाइल दिली की तो शब्द साधा होतो. स्टाइलमधला बोल्ड हा दिव्याच्या बटणासारखा चालतो, दोनदा दाबला की बंद. दुसरी गोष्ट, परिच्छेदाला नवी स्टाइल दिली आणि त्या परिच्छेदाच्या अर्ध्याहून जास्त भागावर थेट बोल्ड असेल, तर वर्ड तो बोल्ड स्वतःच काढून टाकतो. अर्ध्याहून कमी असेल तर ठेवतो. त्यामुळे एकच मॅक्रो दोन परिच्छेदांवर दोन तऱ्हेने वागल्यासारखा दिसतो. परिच्छेदाची स्टाइल आधी द्यायची असेल, तर बोल्ड शब्दांवर त्याच्याही आधी कॅरेक्टर स्टाइल लावून ठेवा.

पायथनने, वर्ड न उघडता

फोल्डरमध्ये दोनशे फाइली असतील तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची पायथन-डॉक्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या. इन्स्टॉल करताना पूर्ण नाव ‘पायथन-डॉक्स’ द्या. नुसतं ‘डॉक्स’ दिलं तर वेगळीच जुनी लायब्ररी येते. कोडमध्ये इम्पोर्ट करताना मात्र ‘डॉक्स’च लिहायचं. जुन्या ‘डॉक’ फाइली ही लायब्ररी उघडत नाही, त्या आधी लिब्रे ऑफिसने ‘डॉक्स’मध्ये बदलून घ्या.

डॉक्स फाइल ही खरं तर झिप आहे. आतल्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घालून लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, प्रत्येक परिच्छेद ‘रन’ नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि फॉरमॅटिंग रनवर बसतं. इथेही तेच दोन कप्पे. बोल्डसाठी ‘बी’ आणि ‘बीसीएस’, साइजसाठी ‘एसझेड’ आणि ‘एसझेडसीएस’. साइज अर्ध्या पॉइंटात मोजतात, म्हणजे १२ पॉइंट म्हणजे २४. रन.बोल्डला ट्रू दिलं तर फक्त पहिला कप्पा भरतो. मराठीसाठी रन.फॉन्ट.सीएस_बोल्ड आहे. साइज आणि फॉन्टच्या नावासाठी तशी सोय नाही. रनचं फॉरमॅटिंग ठेवणाऱ्या आरपीआर घटकात एसझेडसीएस स्वतः घालावा लागतो, आणि आरफॉन्ट्सच्या सीएस या गुणधर्मात फॉन्टचं नाव लिहावं लागतं. रन.फॉन्ट.नेम दिलं आणि मराठी अक्षरांचा फॉन्ट जराही हलला नाही, तर कारण हेच. ते नाव फक्त रोमन अक्षरांना लागू होतं.

रन.बोल्डचं उत्तर ट्रू, फॉल्स किंवा नन येतं. नन म्हणजे ‘इथे काही लिहिलेलं नाही, स्टाइल सांगेल ते’. नन म्हणजे बोल्ड नाही असं धरणारा कोड सगळी हेडिंग्ज चुकवतो.

एक शब्द दोन-तीन रनमध्ये तुटलेला असणं अगदी नेहमीचं. मध्येच दुरुस्ती केली, स्पेलिंग तपासणीची खूण बसली, की ‘ठा’ एका रनमध्ये आणि ‘णे’ दुसऱ्यात. एकेका रनमध्ये शोधलं तर शब्द मिळत नाही. परिच्छेदातल्या सगळ्या रनचा मजकूर जोडून शोधा आणि सापडलेली जागा कुठल्या रनमध्ये पडते ते मोजा. मग त्या जागी रन तोडायचा, पण जोडाक्षराच्या मधून कधीच नाही. ‘क्षेत्र’ हा शब्द पायथनला सात अक्षरांचा दिसतो. क आणि हलन्ताच्या मधून तोडला आणि दोन भागांना वेगळा फॉन्ट दिला की जोडाक्षर फुटतं, मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. तोडण्याच्या जागेनंतर मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त येत नाही ना आणि आधी हलन्त नाही ना, एवढं तपासा.

डॉक्युमेंट.पॅराग्राफ्समध्ये टेबलांतले परिच्छेद येत नाहीत. टेबलं, प्रत्येक सेक्शनचं हेडर आणि फूटर वेगवेगळे फिरावे लागतात. टेक्स्ट बॉक्स तर एक्सएमएलमध्येच शोधावे लागतात.

लिब्रे ऑफिस रायटर वापरत असाल तर तिथे नावं कॅरवेट आणि कॅरवेटकॉम्प्लेक्स, कॅरहाइट आणि कॅरहाइटकॉम्प्लेक्स अशी आहेत. बोल्डची किंमत १५० असते. शोधासाठी क्रिएटसर्चडिस्क्रिप्टर, मग सेटसर्चॲट्रिब्यूट्स आणि फाइंडऑल. त्यातल्या बेसिकच्या एडिटरमध्ये मराठी शब्द थेट टाइप करता येतो, ही मोठी सोय.

जुने फॉन्ट

कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीतल्या फाइलींचं वेगळं बघावं लागतं. त्यांत आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. म्हणजे फॉरमॅटिंग पहिल्याच कप्प्यात, आणि बीआयवाले गुणधर्म निरुपयोगी. अशा मजकुराचा फॉन्ट बदलून मंगल केला तर पानभर अर्थहीन रोमन अक्षरं उरतात. आधी फाइंड.फॉन्ट.नेममध्ये त्या फॉन्टचं नाव देऊन असे भाग पिवळे करा. नंतर तुकड्या-तुकड्याने युनिकोडमध्ये बदला. पूर्ण पान एकदम कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकलं तर बोल्ड, तिरपं सगळं जातं. म्हणून एका फॉरमॅटिंगचा एक तुकडा घ्यायचा, त्याचा बोल्ड आणि साइज नोंदवायचा, मजकूर बदलायचा आणि ती नोंद दुसऱ्या कप्प्यात लिहायची.

फॉन्ट बदलल्यावर पानांची संख्या हलते. कोकिलासारखा बारीक फॉन्ट जाऊन मंगल आला की ओळी उंच होतात आणि ८० पानं सहज वाढतात. सगळं निवडून एफ९ ने अनुक्रमणिका ताजी करा, नाहीतर पृष्ठक्रमांक जुनेच राहतील.

शेवटची तपासणी अशी. बदलाआधीची आणि नंतरची फाइल साध्या मजकुराच्या रूपात सेव्ह करा, एन्कोडिंग युनिकोड निवडा. फक्त फॉरमॅटिंग बदललं असेल तर अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक सोडून दोन्ही मजकूर अक्षरशः सारखे हवेत. बाकी एका अक्षराचाही फरक निघाला तर प्रतीवर परत जा आणि मॅक्रो एफ८ ने एकेक ओळ चालवून बघा.